इंग्लंडमधले गल्लीतले पब का बंद पडत आहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी २००३ साली लग्न होऊन सांगलीहून इंग्लंडला आले आणि तेव्हापासून बर्मिंगहॅमच्या पश्चिमेकडील एका जुन्या कारखानदारी गावात राहते. आमच्या घरापासून चार मिनिटांच्या अंतरावर असलेला पब दोन वर्षांपूर्वी कायमचा बंद झाला. मी स्वतः मद्य घेत नाही, तरीही तो बंद झाल्याचे मला मनापासून वाईट वाटले. ते का वाटले हे माहेरच्या माणसांना आणि इथे नव्याने शिकायला आलेल्या मराठी मुलामुलींना समजावून सांगताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत.

पब म्हणजे आपल्याकडची परमिट रूमच ना?

नाही, आणि बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. ‘पब’ हे ‘पब्लिक हाउस’चे लघुरूप आहे आणि त्यातले ‘घर’ अक्षरशः घरच होते. १८३० च्या बिअर हाउस कायद्यामुळे कर भरणाऱ्या कोणाही गृहस्थाला वर्षाला दोन गिनी भरून स्वतःच्या घरातून बिअर विकण्याचा परवाना मिळू लागला, आणि हजारो कुटुंबांनी आपली पुढची खोली रस्त्यावरच्या लोकांसाठी उघडली. आजही अनेक ठिकाणी पब चालवणारा, ज्याला इथे लँडलॉर्ड म्हणतात, आपल्या कुटुंबासह माडीवर राहतो.

आपल्याकडची परमिट रूम दारूबंदीच्या पोटी जन्माला आली. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने पिणाऱ्यावर परवाना बाळगण्याची सक्ती केली, आणि मंद दिवे, काळ्या काचा व ‘ओळखीचे कोणी भेटू नये’ ही मनातली धाकधूक हे सारे त्याबरोबर आले. इंग्लंडमधला माणूस गल्लीतल्या पबमध्ये जातो तो ओळखीचे कोणीतरी भेटावे म्हणून. तिथे दुपारी आजी नातवंडांना घेऊन जेवायला आलेली असते आणि शेकोटीपाशी कोणाचा तरी कुत्रा झोपलेला असतो. तुलना करायचीच झाली तर ती गावच्या पाराशी किंवा चहाच्या टपरीसमोरच्या बाकाशी करावी लागेल. पुण्या-मुंबईत आज ज्याला पब म्हणतात, त्या कानठळ्या बसवणाऱ्या संगीताच्या जागेशी याचे फक्त नाव जुळते.

नेमके किती पब बंद पडले?

२००० साली ब्रिटनमध्ये सुमारे ६०,००० पब होते, आता ते सुमारे ४५,००० उरले आहेत. म्हणजे दर चार पबपैकी एक गेला. ही घसरण त्याही आधीपासूनची आहे, कारण विसाव्या शतकाच्या आरंभी एकट्या इंग्लंड आणि वेल्समध्ये जवळपास एक लाख परवानाधारक जागा होत्या आणि लोकसंख्या आजच्या निम्म्याच्या आसपास होती.

मात्र या आकड्यांमागे एक बारकावा आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१८ मध्ये मागील दशकाचा आढावा घेतला, तेव्हा पबची संख्या जवळजवळ एक-चतुर्थांशाने घटलेली असूनही त्यांत काम करणाऱ्यांची संख्या किंचित वाढलेली दिसली. टिकले ते मोठे पब, ज्यांच्यामागे वाहनतळ आहे, ज्यांच्याकडे भटारखाना आहे आणि जिथे रविवारच्या जेवणासाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. गेले ते छोटे, फक्त पेयांवर चालणारे, कामगार वस्तीच्या कोपऱ्यावरचे. या पृष्ठावर मी ‘पब’ म्हणते तेव्हा मुख्यतः हेच पब माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

लोकांनी दारू कमी केली म्हणून पब बंद पडले, हे खरे आहे का?

अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे फार महत्त्वाचे आहे. ब्रिटनमधील दरडोई मद्यसेवन २००४ च्या सुमारास सर्वाधिक होते आणि नंतर ते कमी झाले. परंतु पब त्यापेक्षा कितीतरी वेगाने ओस पडले, कारण लोकांनी पिण्याची जागाच बदलली. १९८० च्या सुमारास देशात विकल्या जाणाऱ्या दहा पाइंट बिअरपैकी जवळजवळ नऊ पब, क्लब किंवा हॉटेलात प्यायले जात. २०१४ च्या सुमारास दुकानांतून घरी जाणाऱ्या बिअरने पबमधील विक्रीला मागे टाकले. आज पबमधला एक पाइंट, म्हणजे ५६८ मिलिलिटर, सरासरी पाच पौंडांच्या घरात जातो आणि लंडनमध्ये त्याहून बराच महाग पडतो, तर तेवढ्याच पैशांत सुपरमार्केटमधून तीन-चार डबे उचलून आणता येतात. घरेही आता उबदार झाली आहेत. पूर्वी थंडीच्या दिवसांत कोळशाची शेगडी एकाच खोलीत पेटत असे आणि त्या खोलीत मुले, धुतलेले कपडे व सासूबाई असे सारेच कोंबलेले असत. अशा वेळी पबमधली मोठी शेकोटी हेच एक आकर्षण असे.

घरी पिण्यात वाईट काय, असे मला विचारले जाते. पबमध्ये मोजमाप असते, घरी नसते. पबमध्ये ग्लास कायद्याने ठरलेल्या मापाचा असतो, अकरा वाजत आले की ‘शेवटची मागणी’ सांगणारी घंटा वाजते, आणि झिंगलेल्या माणसाला आणखी दारू देणे हा विक्रेत्याचा गुन्हा ठरतो. घरातल्या सोफ्यावर ‘आता पुरे’ म्हणणारे कोणी नसते. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये थेट मद्यामुळे ७,५६५ मृत्यू नोंदले गेले. २०२० मध्ये, म्हणजे पब बहुतेक वर्षभर बंद किंवा निर्बंधांखाली असताना, तो आकडा ८,९७४ झाला आणि २०२३ मध्ये १०,४७३ वर पोहोचला. या वाढीला अनेक कारणे आहेत आणि तिचे सारे खापर बंद दरवाजांवर फोडता येणार नाही. पण पब बंद झाले की दारू आपोआप कमी होते, ही आपल्याकडे पटकन मान्य होणारी समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

धूम्रपानबंदीचा किती वाटा आहे?

काही वाटा नक्कीच आहे. बंद जागेत धूम्रपान करण्यास स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ पासून आणि इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून मनाई झाली, आणि ज्या छोट्या पबना अंगण किंवा परसबाग नव्हती त्यांचे नेहमीचे गिऱ्हाईक फुटपाथवर उभे राहू लागले व हळूहळू घरीच थांबू लागले. लगेच पुढच्या वर्षी आर्थिक मंदी आली, त्यामुळे कोणत्या कारणाने किती पब गेले हे वेगळे काढणे अवघड आहे. ही बंदी आवश्यकच होती, असे माझे स्पष्ट मत आहे. काउंटरमागे आठ तास उभ्या राहणाऱ्या मुलींची फुप्फुसे त्या धुराने भरत होती.

पब चालवणाऱ्याचा आणि पबच्या मालकाचा काय संबंध असतो?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, पण माझ्या दृष्टीने खरी मेख इथेच आहे.

पूर्वीपासून बहुतेक पबची इमारत बिअर बनवणाऱ्या कंपनीच्या मालकीची असे. पब चालवणारा तिचा भाडेकरू असे, आणि भाडे कमी ठेवण्याच्या बदल्यात त्याला बिअर फक्त त्याच कंपनीकडून घ्यावी लागे. या बंधनाला इथे ‘टाय’ म्हणतात. १९८९ मध्ये मक्तेदारी आयोगाने पाहणी केली तेव्हा बास, अलाइड, व्हिटब्रेड, ग्रँड मेट्रोपॉलिटन, करेज आणि स्कॉटिश अँड न्यूकॅसल या सहा कंपन्या देशातील तीन-चतुर्थांश बिअर तयार करत होत्या. मक्तेदारी मोडण्याच्या चांगल्या हेतूने सरकारने त्याच वर्षी आदेश काढला की ज्या बिअर उत्पादकाकडे दोन हजारांहून अधिक पब आहेत, त्याने दोन हजारांच्या वर जितके पब असतील त्यांपैकी निम्म्यांना या बंधनातून मोकळे करावे.

झाले ते भलतेच. कंपन्यांनी पब विकून टाकले, आणि ते विकत घेतले ते बिअर न बनवणाऱ्या, केवळ मालमत्ता सांभाळणाऱ्या नव्या कंपन्यांनी. आदेश बिअर उत्पादकांपुरता असल्यामुळे या कंपन्यांना तो लागूच होत नव्हता. २००० नंतरच्या दशकात पंच टॅव्हर्न्स आणि एंटरप्राइझ इन्स या दोन कंपन्यांकडे प्रत्येकी आठ हजारांहून अधिक पब होते, आणि ही खरेदी त्यांनी पुढील अनेक वर्षांच्या भाड्यावर भरवसा ठेवून काढलेल्या कर्जातून केली होती. कर्जाचे हप्ते भागवायचे तर भाडे वाढवणे आले आणि बंधनातल्या बिअरचा भावही चढा ठेवणे आले. चालकाला खुल्या बाजारात जे पिंप स्वस्त मिळाले असते, तेच मालकाकडून कितीतरी जास्त भावाने घ्यावे लागे. एखाद्याने घाम गाळून धंदा वाढवला, तर भाड्याच्या पुढच्या फेरआढाव्यात त्या वाढीवरच नवे भाडे आकारले जाई. २००८ च्या मंदीत ही सगळी रचना कोसळू लागली आणि भाडेकरू एकामागून एक किल्ल्या परत देऊ लागले.

जुलै २०१६ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये, बंधनातले पाचशे किंवा अधिक पब असलेल्या कंपन्यांसाठी आचारसंहिता लागू झाली. ठरावीक प्रसंगी चालकाला बंधन झुगारून फक्त बाजारभावाचे भाडे देण्याचा पर्याय मागता येतो. तो कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात ज्या माणसाचे बिऱ्हाडच त्या माडीवर आहे, त्याने आपल्या मालकाशी भांडायला उभे राहणे किती कठीण आहे, हे आपल्याकडच्या कोणाही भाडेकरूला सांगावे लागणार नाही.

पाच पौंडांचा पाइंट विकूनही पब तोट्यात कसा जातो?

पाच पौंडांतले त्र्याऐंशी पेन्स मूल्यवर्धित कराचे. चार टक्के मद्यार्काच्या बिअरवरचे उत्पादन शुल्क चाळीस पेन्सहून थोडे अधिक. मग बिअरची खरेदी, भाडे, स्थानिक कर, वीज, गॅस आणि पगार. २०२२ मध्ये इंधनाचे दर भडकले तेव्हा अनेक पब सोमवार ते बुधवार उघडेनासे झाले. एप्रिल २०२५ पासून कामगारांच्या विम्यापोटी मालकाने भरायची रक्कम वाढली आणि त्याच महिन्यात इंग्लंडमधील स्थानिक करातली सूट ७५ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर आली. सुपरमार्केटही बिअरवर तोच मूल्यवर्धित कर भरते, पण तिथल्या बहुतेक खाद्यपदार्थांवर तो शून्य असतो, त्यामुळे ब्रेड आणि भाजीवर कमावलेल्या नफ्यातून ते बिअर स्वस्त विकू शकते. पबमधल्या जेवणावर मात्र वीस टक्के कर लागतो.

याशिवाय एक गोष्ट मी प्रत्यक्ष पाहिली, ती हिशेबाच्या वहीत दिसत नाही. आमच्या पबचा चालक एकदा मला तळघर दाखवायला घेऊन गेला. उतरत्या फळीवरून घरंगळत आलेली नऊ गॅलनची पिंपे, म्हणजे प्रत्येकात बहात्तर पाइंट, लाकडी घोडीवर आडवी ठेवलेली होती आणि तिथे बारा अंशांच्या आसपासचा ओलसर गारवा होता. पारंपरिक इंग्रजी बिअर त्या पिंपातही आंबत असते. पिंप आल्यावर ते हलू न देता ठेवायचे, वरच्या छिद्रात मऊ लाकडाची खुंटी ठोकून आतला वायू हळूहळू सोडायचा, गाळ तळाशी बसू द्यायचा आणि मग तोटी ठोकायची. एकदा तोटी ठोकली आणि हवा आत गेली की तीनेक दिवसांत पिंप संपले पाहिजे, नाहीतर बिअर आंबट होऊ लागते. त्याने मला तीन दिवसांपूर्वीच्या पिंपातला एक घोटभर ग्लासात काढून फक्त वास घ्यायला सांगितला. शिळ्या ताकासारखा आंबूस वास होता. गिऱ्हाईक कमी झाले की पिंप वेळेत संपत नाही, शिळी बिअर वाढली जाते, ती प्यायलेला माणूस पुन्हा येत नाही, आणि पुढचे पिंप आणखी शिळे होते. तो अर्धे पिंप मोरीत ओतत होता तेव्हा मी तिथेच उभी होते. तो काही बोलला नाही.

आजची तरुण मुले पितच नाहीत का?

त्यांच्यात न पिणाऱ्यांचे प्रमाण वाढले आहे, हे निश्चित. इंग्लंडमध्ये १६ ते २४ वयोगटात मद्य न घेणाऱ्यांचे प्रमाण २००५ मध्ये १८ टक्के होते, ते २०१५ मध्ये २९ टक्के झाले. ही वाढ केवळ मुस्लिम किंवा स्थलांतरित कुटुंबांतील मुलांमुळे झाली असे अनेकांना वाटते, पण तो समज चुकीचा आहे, कारण ती मुख्यतः गोऱ्या तरुणांमध्येच दिसून आली. २०१३ मध्ये सुरू झालेली जानेवारीभर मद्य सोडण्याची मोहीम आता घराघरांत माहीत आहे, आणि बिनमद्याची बिअर, जी पूर्वी फडताळाच्या तळाशी धूळ खात पडलेली असे, ती आता अनेक पबमध्ये थेट नळातून मिळते.

मी ज्या ग्रंथालयात काम करते तिथे येणाऱ्या मुलांना मी याविषयी विचारत असते. शिक्षणशुल्काचे कर्ज, खोलीचे भाडे आणि आपला झिंगलेला फोटो कोणीतरी काढून सर्वांना पाठवील ही भीती, अशी उत्तरे मिळतात. ती सर्व मला समंजस वाटतात. मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यांच्या आजोबांना सतराव्या-अठराव्या वर्षी साठीच्या माणसांशेजारी बसून त्यांचे ऐकून घ्यावे लागे आणि चुकले तर सगळ्यांदेखत बोलणी खावी लागत, तशी सर्व वयांची सरमिसळ या मुलांच्या वाट्याला जवळजवळ येतच नाही.

जुना पब खरोखर सर्वांसाठी खुला होता का?

नव्हता, आणि त्याचे गुणगान गाताना हे विसरणे अन्यायाचे ठरेल. १९८२ पर्यंत स्त्रीला काउंटरवर पेय नाकारणे पबमध्ये चालून जात असे. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील एल व्हिनो या मद्यगृहात स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहू देत नसत, त्यांनी मागच्या खोलीत जाऊन बसावे असा नियम होता. एका स्त्री वकिलाने आणि एका स्त्री पत्रकाराने त्याविरुद्ध दावा लावला आणि अपील न्यायालयाने नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला.

वर्णभेदाचा इतिहास तर आमच्या घराजवळचाच आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत या भागातील ओतशाळांत काम करायला पंजाबमधून हजारो माणसे आली. दिवसभर भट्टीसमोर राबलेल्या त्या माणसांना संध्याकाळी अनेक पबमध्ये एका ठरावीक खोलीतच बसवले जाई किंवा दारातूनच परत पाठवले जाई. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे नेते माल्कम एक्स स्मेदिक गावात आले. इंडियन वर्कर्स असोसिएशनचे अवतार सिंग जौहल त्यांना तिथल्या ब्लू गेट्स या पबमध्ये घेऊन गेले, तेव्हा तिथल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या खोलीत त्यांना पेय देण्यात आले नाही. नऊ दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये माल्कम एक्स यांची हत्या झाली. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये वंशसंबंधविषयक पहिला कायदा झाला आणि पबसारख्या सार्वजनिक जागी असा भेदभाव करणे बेकायदा ठरले.

पुढे काय घडले ते मला फार मोलाचे वाटते. ज्यांना दाराबाहेर ठेवले होते, त्यांतल्याच काहींनी नंतर बंद पडू पाहणारे पब चालवायला घेतले. वेस्ट ब्रॉमविच, स्मेदिक आणि आसपासचे हे ‘देसी पब’ आज या भागाची ओळख आहेत. भिंतीवर नेमबाजीचा डार्ट्सचा फलक, नळातून इंग्रजी बिअर, आणि आतून तव्यावर चरचरत येणारी कबाब, कोंबडी व कांद्याची थाळी. शुक्रवारी रात्री तिथल्या टेबलांवर गोरे, शीख, जमैकन आणि आमच्यासारखे चुकार मराठी अशी सर्व मंडळी असतात. शेजारपाजारचे कितीतरी पब मिटले असताना हे चालतात, कारण त्यांनी जेवणाला महत्त्व दिले आणि बायकामुलांसाठी जागा केली.

मद्य न घेणाऱ्या मराठी माणसाने पबमध्ये जावे का? तिथे काय मागावे?

अवश्य जावे. इथल्या कचेरीत कोणी नोकरी सोडली की निरोप पबमध्येच दिला जातो, आणि तिथे न जाणारा माणूस महिनोन् महिने परकाच राहतो. पहिल्यांदा जाताना माझे पाय दारातच अडखळले होते, कारण सांगलीत ‘बारमध्ये जाणारी बाई’ या शब्दांचा जो अर्थ होता तो माझ्या मनातून गेला नव्हता. आत गेल्यावर समोर भरतकाम करत बसलेली एक आजी दिसली.

टेबलावर बसून वाट पाहू नये, बहुतेक जागी वाढपी येत नाही. काउंटरपाशी जाऊन आपली पाळी येईपर्यंत शांत उभे राहावे. तिथे रांग दिसत नाही, पण आधी कोण आले हे पलीकडच्या माणसाला बरोबर ठाऊक असते. मागायला लिंबाच्या सरबतातला सोडा उत्तम, तो सगळीकडे मिळतो आणि स्वस्त असतो. चार जण एकत्र गेले तर प्रत्येक जण आळीपाळीने सर्वांसाठी पेये आणतो, त्याला ‘राउंड’ म्हणतात. आपण सोडा पीत असलो तरी आपली पाळी चुकवू नये. या एका गोष्टीवरून माणसाची पारख केली जाते. गाडी चालवायची असेल आणि आपण पीत असाल, तर इंग्लंडमध्ये रक्तातील मद्याची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम आहे आणि स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१४ पासून ती ५० आहे. सुरक्षित उपाय म्हणजे गाडी घरी ठेवून जाणे.

बंद पडलेल्या इमारतीचे पुढे काय होते?

बहुतेकांची घरे होतात, काहींच्या जागी सुपरमार्केटच्या छोट्या शाखा उघडतात. २०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये पब पाडायला किंवा त्याचे दुकान करायला सहसा नियोजन परवानगी लागत नसे. आता लागते. या बदलामागे लंडनच्या कार्लटन टॅव्हर्नसारखी प्रकरणे होती. १९२१ च्या सुमारास बांधलेल्या त्या पबला वारसा इमारतीचा दर्जा मिळण्याची चिन्हे होती आणि तज्ज्ञांनी इमारतीच्या तपशिलांची नोंदही करून ठेवली होती. दर्जा मिळण्याच्या काही दिवस आधी, एप्रिल २०१५ मध्ये, मालकांनी ती परवानगीशिवाय पाडली. वेस्टमिन्स्टर काउन्सिलने ती होती तशीच पुन्हा बांधण्याचा आदेश दिला, रहिवाशांनी नेट धरला, आणि राडारोड्यातून वाचवलेल्या विटा व फरशा वापरून उभा राहिलेला तोच पब एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा उघडला. आमच्या भागातला, कोळशाच्या खाणीमुळे एका बाजूला खचलेला ‘क्रुकेड हाउस’ ऑगस्ट २०२३ मध्ये विक्रीनंतर काही दिवसांतच आगीत सापडला आणि दोनच दिवसांत जमीनदोस्त करण्यात आला. तोही पुन्हा बांधावा, असा आदेश काउन्सिलने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढला. तिथे टेबलावर ठेवलेली गोटी चढावर जाताना दिसायची, म्हणून मी माझ्या मुलांना त्या पबमध्ये दोनदा नेले होते.

गावकऱ्यांना पब वाचवता येतो का?

येतो, मात्र वेळेवर हालचाल करावी लागते. २०११ च्या स्थानिक स्वायत्तता कायद्यानुसार रहिवाशांचा गट एखाद्या जागेची ‘समाजाला मोलाची मालमत्ता’ म्हणून काउन्सिलकडे नोंद करू शकतो. अशी नोंद असल्यास मालक जागा विकायला काढतो तेव्हा रहिवाशांना पैसे उभे करण्यासाठी सहा महिन्यांची मुदत मिळते. किमतीबाबत मात्र मालकावर कोणतेही बंधन नसते, आणि तिथेच पुष्कळ गट थकतात. लंडनच्या ननहेड भागातील आयव्ही हाउस हा अशी नोंद झालेला पहिला पब, आणि २०१३ मध्ये रहिवाशांनी एकत्र येऊन तो विकत घेतला. त्याही आधी, २००३ मध्ये, कंब्रिया परगण्यातील हेस्केट न्यूमार्केट या खेड्याने ‘ओल्ड क्राउन’ सहकारी तत्त्वावर घेतला. सहकारी साखर कारखाने आणि दूध संघ पाहिलेल्या आपल्या माणसांना ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. एक भागधारक, एक मत. अशा पबमध्ये टपाल कचेरी, किराणा, लहान मुलांची शाळेनंतरची सोय असे बरेच काही एकाच छपराखाली चालते, आणि बिअर हे उत्पन्नाच्या अनेक मार्गांपैकी एक उरते.

आमच्या पबसाठी आम्हीही बैठक बोलावली होती. तीस-पस्तीस माणसे आली, सह्या झाल्या. पण जागेची नोंद आधी कोणी केलेली नव्हती आणि मालकी असलेल्या कंपनीने विक्रीचा करार आमच्या बैठकीपूर्वीच केलेला होता. आपल्या गल्लीतला पब चांगला चालत असेल, तर ती नोंद आजच करून ठेवावी. अर्ज साधा असतो आणि त्याला शुल्क लागत नाही.

नेहमी येणारी माणसे आता कुठे जातात?

ज्यांच्याकडे गाडी आहे ती दोन मैलांवरच्या मोठ्या पबमध्ये जातात. काही घरी पितात. आमच्या पबमध्ये दर मंगळवारी सहा म्हातारे डॉमिनोज खेळत. काउंटरवरच्या खिळ्यांना त्यांचे स्वतःचे पितळी पेले टांगलेले असत, आणि त्यांपैकी कोणी मंगळवारी आला नाही तर चालक रात्री त्याच्या दारावर थाप मारून येई. पब बंद झाल्यावर मी त्यांना ग्रंथालयातले खिडकीजवळचे मोठे टेबल दिले. लाकडी सोंगट्यांचा खटखटाट होतो म्हणून वाचणाऱ्यांची तक्रार आली, तेव्हा मी टेबलावर घरची सतरंजी अंथरली. आता ते फ्लास्कमधून चहा आणतात आणि पाच वाजता मी दिवे मालवेपर्यंत खेळतात. सुरुवातीला सहा जण येत होते, सध्या चौघे येतात. पाचव्याच्या घरी मी गेल्या आठवड्यात जाऊन आले. त्याचा पेला स्वयंपाकघराच्या खिडकीत होता आणि त्यात त्याने कोथिंबिरीची जुडी पाण्यात ठेवली होती. मी त्याला मंगळवारी न्यायला येईन असे सांगितले आहे.